नाव विसरले, चाल विसरली नाही



जुलै महिन्याचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा व वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळावा, असे पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली ठरवून दिले. संत योआकिम व संत अन्ना यांचा सण २६ जुलैला असतो, त्याच्या आसपास हा रविवार येतो. त्या दिवशी आपण मिस्सेनंतर ज्येष्ठांना गुलाबाचे फूल देतो, फोटो काढतो, चहा-बिस्किटे होतात. चांगलेच आहे ते. पण फूल घ्यायला जे मंदिरापर्यंत येऊच शकत नाहीत, आणि आले तरी फूल कशासाठी दिले हे ज्यांना कळणार नाही, अशांविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

स्मृतिभ्रंश हा शब्द आता वर्तमानपत्रांतून सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. खेड्यात मात्र आजही ‘म्हातारचळ लागला’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ एवढ्यावर विषय मिटतो. हा वयाचा दोष नव्हे, मेंदूचा आजार आहे. १९०६ साली जर्मनीतील डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी त्याच्या एका प्रकाराचे वर्णन केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभर माणसांमागे सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे एकूण सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दिला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. म्हणजे आपला अहिल्यानगर जिल्हा ह्यातून सुटलेला नाही, आणि आपले धर्मग्रामही नाही.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन आम्ही घरोघर जातो तेव्हा हे दिसते. आजीबाई पडवीत बाजेवर बसलेल्या असतात. मुलाला ‘तू कोणाचा रे?’ म्हणून विचारतात. कधीच विकलेल्या गाईला वैरण टाकली का, हे दहा मिनिटांत चारदा विचारतात. सून शांतपणे चारदा उत्तर देते (त्या सुनेचा सत्कार कोणत्याच जागतिक दिनी होत नाही). मग सोबतच्या सिस्टर माऊलीचे जुने गीत हळू आवाजात सुरू करतात. दुसऱ्या ओळीला आजीबाईंचे ओठ हलू लागतात, तिसऱ्या ओळीला आवाज फुटतो, आणि धृवपदावर त्या हाताने ताल धरतात. सगळे कडवे पाठ. आपले नाव सांगता येत नाही, पण गाण्यातला शब्द चुकत नाही. अशी घरे एकाहून अधिक आमच्या पाहण्यात आहेत.

असे का होते? २०१५ साली जर्मनीतील लाइपत्झिग येथील संशोधकांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन पाहिले. फार दिवसांपासून ओळखीचे गाणे ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, त्यांना अल्झायमरची झीज इतर भागांच्या मानाने उशिरा गाठते, असे त्यांना आढळले. शिवाय गाणे नुसते डोक्यात नसते. ते श्वासात, टाळी देणाऱ्या हातात असते. आपल्या आयाबायांना हे कोणी शिकवावे लागले नाही. जात्याचा खुंटा हातात आला की ओवी ओठांवर येई. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या अशाच बायकांकडून, ज्यांच्यातील कितीतरी जणींना अक्षरओळखही नव्हती. दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत जे कानावर पडते, ते सर्वांत खोल रुजते असेही अभ्यासक सांगतात.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगितली पाहिजे. संगीताने हा आजार बरा होत नाही. निरनिराळ्या देशांतील चाचण्या एकत्र तपासून पाहिल्या असता दिसते ते एवढेच, की संगीताने रुग्णाची उदासी थोडी कमी होते. गेलेली स्मरणशक्ती परत येत नाही. ‘आज गाणे म्हटले, म्हणजे उद्या मला ओळखेल’ अशी आशा धरून कोणी बसू नये. त्या आशेने घरच्यांचेच मन मोडते. अर्धा तास एक माणूस भीतीतून बाहेर आला, हीच कमाई.

पवित्र शास्त्रात शौल राजाची गोष्ट आहे (१ शमुवेल, अध्याय १६). राजाचे मन ग्रासले जाई, तेव्हा मेंढपाळ दावीद येऊन वीणा वाजवी आणि राजाला चैन पडे. ही गोष्ट वाचताना आपल्यातील काही जणांचे लक्ष त्यातल्या दुष्ट आत्म्याच्या उल्लेखावरच अडकते. म्हातारी रात्री उठून फिरते, परक्यासारखी बोलते, म्हणून तिला बाहेरची बाधा झाली असे ठरवून कुठे कुठे झाडायला, डोक्यावर हात ठेवायला नेतात, उपाशी ठेवतात. बंधू-भगिनींनो, हे करू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करू, तैलाभ्यंगाचा संस्कार देऊ. पण आधी डॉक्टरांना दाखवा. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, मनाचे नैराश्य यांनीही माणूस विसरभोळा होतो, आणि ह्यांवर औषध आहे. दावीदाने राजाला प्रश्न विचारले नाहीत, बोल लावला नाही. तो जवळ बसला आणि वाजवीत राहिला. आम्हांला त्या अध्यायात हेच महत्त्वाचे वाटते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक याचे एक मत अभ्यासावे लागते. माणसाची आठवण जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच तो ‘तोच माणूस’ असतो, असा त्याचा साधारण आशय. वर्गात हा वाद रंगतो. बाजेवरच्या आजीबाईंसमोर उभे राहिल्यावर मात्र तो पटत नाही. लॉकचे खरे मानले तर त्या आजीबाई आता कोणीच नाहीत. संत अगस्तीन यांनी ‘कबुलीजबाब’ ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीचा मोठा शोध घेतला आहे, आणि विस्मरणापाशी येऊन तेही गोंधळात पडले आहेत. पण पुढल्याच भागात काळ म्हणजे काय हे समजावताना त्यांनी उदाहरण घेतले ते पाठ असलेल्या स्तोत्राचे. स्तोत्र म्हणू लागलो की म्हणून झालेले मागे जाते, म्हणायचे राहिलेले पुढे उभे असते, आणि म्हणणारा दोन्हींना एकत्र धरून असतो. ज्या आजीबाईंना सकाळ-संध्याकाळ कळत नाही, त्यांचा तुटलेला काळ त्या तीन कडव्यांपुरता पुन्हा सांधला जातो, असे आम्हांला वाटते.

मग श्रद्धेचे काय? ‘फादर, आईला आता देवच आठवत नाही, तिला ख्रिस्तप्रसाद द्यायचा का?’ असे विचारले जाते. बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तो आपल्या आठवणीवर उमटलेला नसतो. बाळाला बाप्तिस्मा देताना त्याच्या वतीने आईवडील व धर्ममातापिता श्रद्धा प्रकट करतात, कारण श्रद्धा आधी सबंध मंडळीची असते. आयुष्याच्या दुसऱ्या टोकालाही तेच लागू आहे. यशया संदेष्ट्याने एकोणपन्नासाव्या अध्यायात देवाची तुलना आईशी केली, ती देव विसरत नाही हे सांगण्यासाठी. तेव्हा घास गिळता येत असेल आणि हे साधे जेवण नव्हे एवढी जाण चेहऱ्यावर, जोडलेल्या हातांत दिसत असेल, तर निःसंकोच कळवा. गिळता येत नसेल तरीही कळवा. आशीर्वाद देऊ, गीत म्हणू.

आता थोडे व्यवहाराचे. नगरच्या मातीला ख्रिस्ती गाण्याची उणीव नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक ह्याच जिल्ह्यात राहिले, त्यांची भजने आपल्या आजोबांच्या तोंडी होती. हरेगावच्या मतमाउलीला सप्टेंबरात चालत जाताना म्हटलेली गीते आहेत. ज्यांचे वय आज ७५-८०च्या पुढे आहे व जे मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकले, त्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीची लॅटिन मिस्सा ऐकलेली आहे. त्यांच्यापुढे ‘तांतुम एर्गो’ची चाल गुणगुणून पाहा. आणि गीत धार्मिकच हवे असे मुळीच नाही. कोणाला तमाशाची लावणी आठवेल, कोणाला रेडिओवरचे जुने सिनेमाचे गाणे. एखाद्या आजोबांनी सगळे आयुष्य साखर कारखान्यात काढले आणि त्यांना फक्त बँडबाजाच आवडत असेल, तर बँडबाजा लावा.

टीव्ही आधी बंद करा. आवाज बेताचा ठेवा. मोबाइलवर मध्येच जाहिरात ओरडली तर माणूस दचकतो. संध्याकाळी, दिवेलागणीला, बहुतेकांची चलबिचल वाढते, त्याच्या थोडे आधी गाणे सुरू झालेले बरे. आंघोळ घालताना कोणी विरोध करत असेल तर तेव्हाही म्हणून पाहा. चेहऱ्याकडे लक्ष असू द्या. कोणत्या गाण्याशी कोणाचे दुःख बांधलेले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. मयतीला म्हटलेले गीत लावले आणि डोळ्यांत भीती दिसली, तर ते तिथेच थांबवा, पुन्हा लावू नका. आणि कृपा करून ‘मी कोण, सांग बरं?’ अशी परीक्षा घेऊ नका.

वृद्धाश्रमात जाणाऱ्या आपल्या मंडळांनाही सांगणे आहे. नाताळात एकदा जाऊन मोठ्या स्पीकरवर तीन तास कॅरल म्हणण्यापेक्षा दर आठवड्याला तेच दोघे जण, त्याच वारी, त्याच वेळी जाऊन वीस मिनिटे बसले, तर उपयोग अधिक. नावे लक्षात राहिली नाहीत तरी नेमाने येणारा आवाज ओळखीचा होतो.

आपल्या गायकवृंदातील सहा जणांनी ह्या कामासाठी तयारी दाखविली आहे. ज्यांच्या घरी असे आजारी आहेत त्यांनी सॅक्रिस्टीत ठेवलेल्या वहीत नाव, वस्ती, आणि आजी किंवा आजोबा तरुणपणी काय गात असत ते लिहावे. आठवत नसेल तर त्यांच्या भावाबहिणींना, बालपणीच्या सोबत्यांना विचारून घ्यावे. ते अजून आहेत तोवर विचारावे. लाज वाटून नाव लपवू नये. गायकवृंद घरी येईल त्या तासाभरात सुनेने किंवा मुलीने स्वयंपाक, सरबत काही करू नये. वाटल्यास शेजारी जाऊन बसावे, वाटल्यास झोपावे.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू