लोखंडापाशी थांबणारे तारे

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत बत्तीस वर्षं मी लेथवर लोखंड कापलं. निवृत्त झालो, आणि सहा महिन्यांत डॉक्टर म्हणाले, "रक्तात लोह कमी आहे." यावर आमच्या हिने काढलेले उद्गार कंपाउंडरलाही फार आवडले. "बत्तीस वर्षं लोखंडात काढलीत, थोडं अंगाला लावून आणता आलं नाही?"

खरं दुखणं मात्र रक्तात नव्हतं. पहाटे जाग यायची आणि डबा भरलेला नसायचा. रस्त्यात कोणी भेटलं की "सध्या काय करता?" असं विचारायचं. काहीच निर्माण न करणाऱ्या माणसाची किंमत काय, हा मोठ्यामोठ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न मला भाजीची पिशवी हातात असताना पडू लागला.

अशा मनःस्थितीत नातवाने मला गच्चीवर नेलं. त्याला नववीत विज्ञान आहे आणि मला वेळ आहे. पूर्वेकडचा एक तेजस्वी तारा मी त्याला आत्मविश्वासाने दाखवला. थोड्या वेळाने तो तारा चाकं काढून चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरला. त्यानंतर शिकवण्याचं काम नातवाने स्वतःकडे घेतलं.

"आबा, तारा म्हणजे एक भांडण असतं. स्वतःचं वजन त्याला आत दाबतं आणि पोटातली उष्णता बाहेर रेटते." उष्णतेसाठी तो हायड्रोजनचं हेलियम करतो. सूर्यापेक्षा पंचवीसपट जड ताऱ्याला हे इंधन सुमारे ७० लाख वर्षं पुरतं. मग हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन, आणि दर वेळी मुदत कमी. शेवटी सिलिकॉन जळतं, ते जेमतेम एक दिवस. त्यातून गाभ्यात लोखंड तयार होतं.

"मग?"

"मग संपलं. लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट पदरची घालावी लागते. गाभा सेकंदाच्या आत कोसळतो."

मी गप्प झालो. इतकी वर्षं धगधगायचं आणि लोखंडापाशी येऊन थांबायचं! मलाही असंच एका संध्याकाळी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला होता. कुठेच पोचायचं नसलेल्या माणसाला घड्याळ!

नातवाने धीर दिला. आपला सूर्य लहान, तो लोखंडापर्यंत जाणारच नाही. अजून सुमारे ५०० कोटी वर्षं हायड्रोजनवर चालेल, मग फुगेल आणि शेवटी निखाऱ्यासारखा निवत जाईल. म्हणजे पेन्शनीत.

जड तारे मात्र फुटतात. काहींचा गाभा मागे उरतो आणि भोवऱ्यासारखा फिरत ठराविक अंतराने रेडिओ लहरींचे ठोके देतो. नारायणगावजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांतून हे ठोके ऐकतात. मेल्यावर इतकी वक्तशीर हजेरी लावणारा कामगार आमच्या कारखान्यात जिवंतपणीही कोणी नव्हता.

"आणि फुटलेल्या ताऱ्यांतलं लोखंड?"

"ते पसरतं. त्यातूनच पृथ्वी झाली. तुमच्या रक्तातलं लोह तिथलंच, आबा. गोळीतलंसुद्धा."

यावरून ताऱ्याला दानशूर म्हणण्यात अर्थ नाही. त्याला बिचाऱ्याला आपण काय देतोय हेही ठाऊक नसतं. पण एवढं पटलं, की पेटणं थांबलं म्हणजे केलेलं वाया गेलं असं नाही. मी कातलेले शाफ्ट कुठल्यातरी विहिरीवरच्या पंपात फिरत असतील. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, पाणी मात्र वर येतं.

हल्ली गल्लीतला आयटीआयचा एक पोरगा संध्याकाळी येतो. त्याला मी मायक्रोमीटर वाचायला शिकवतो. चुकतो तेव्हा ओरडतोही. उष्णता अगदीच गेलेली नाही.

हे सगळं मी हिला मोठ्या उमाळ्याने सांगितलं. तिने शांतपणे गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"अहो, आधी हा तारा गिळा. चहा तासाभराने मिळेल."