नाव काढण्याआधी

मूल आपलं असतं, म्हणजे नेमकं किती आपलं असतं? हा प्रश्न सुदृढ मुलांच्या बाबतीत सहसा पडत नाही. ज्या लेकराला बोलायला, समजायला, शिकायला वेगळी मदत लागते, त्याला त्या मदतीतून आईबापच बाहेर काढतात, तेव्हा तो पडतो.

आमच्या बालाघाटकडे हे काढणं जाहीर होत नाही. कोणी अर्ज देत नाही, कोणी भांडत नाही. जनपद शिक्षा केंद्राकडून विशेष मुलांसाठी बाई येतात, तर दारातच त्यांना सांगायचं, ‘तो मामाकडे गोंदियाला गेलाय.’ दोनदा, तीनदा. मग त्या यायच्या थांबतात. लेकरू मात्र मागच्या खोलीतच असतं.

कारणं सगळीच खोटी नसतात, बरं का. वर्षभर नुसते मणी ओवायला देणारा वर्ग असतो. पोराला ने-आण करण्यात बापाची रोजी बुडते. एकाच शिक्षिकेकडे इतक्या शाळा असतात की आपली पाळी कधी येईल ते तिलाही सांगता येत नाही. अशा ठिकाणाहून मूल काढणं म्हणजे त्याला टाकणं नव्हे. पण दुसरी कारणं मुलाची नसतातच. मोठीचं लग्न जमायचंय. सर्टिफिकेट घेतलं की कायमचा शिक्का बसेल. लोक ‘तसली शाळा’ म्हणतात. पहिली कारणं आपण मोठ्यानं सांगतो, दुसरी हळू आवाजात. आणि पुष्कळदा पहिल्यांच्या पदराआड दुसरी लपलेली असतात.

कायदा काय म्हणतो? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. फार गंभीर किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल, तर घरी राहून शिकण्याची सोय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली आली. लक्षात घ्या, हक्क मुलाचा आहे. अमेरिकेत २००८च्या अखेरीस असा नियम झाला की पालकांनी लेखी नकार दिला की शाळेला विशेष शिक्षण थांबवावंच लागतं, शाळा त्याविरुद्ध दाद मागू शकत नाही. तिथे पालकांचा शब्द शेवटचा. मात्र तो कागदावर द्यावा लागतो, आणि पुढे मन बदललं तर पुन्हा तपासणी मागता येते. आपल्याकडे कागदच नाही, म्हणून परतायची वाटही कोणाला दिसत नाही.

आपल्या समाजात या गोष्टीला धर्माचीही जोड देतात. एकजण म्हणते, ‘त्याचं ज्ञानावरणीय कर्म आहे, आपण काय करणार?’ दुसरी म्हणते, ‘आत्मा तर सगळ्यांचा सारखाच, मग वेगळा वर्ग कशाला?’ एक आवरणाकडेच बघते, दुसरी आवरण नाहीच म्हणते. पण निश्चय आणि व्यवहार हे दोन्ही नय आपल्याला एकत्रच शिकवले आहेत. आत्मा पूर्ण आहे हे खरं, आणि आज या लेकराला अक्षर लागत नाही हेही खरं. एक खरं धरून दुसरं सोडलं, तर तो एकांत झाला. आणि कर्माचा सिद्धांत हात बांधून बसण्यासाठी असता, तर आजाऱ्याला औषध देण्याचं पुण्य कशाला सांगितलं असतं?

पाठशाळेत ऐकलेले शिवभूती मुनी आठवा. काही केल्या त्यांना पाठ होईना. गुरूंनी त्यांना संघाबाहेर काढलं नाही, आणि सगळं शास्त्रही लादलं नाही. पेलेल एवढंच लहानसं वचन दिलं. तेही ते विसरले आणि ‘तुष-माष’ घोकत राहिले. पुढे एक बाई उडदाची सालं वेगळी करताना दिसली, आणि देह वेगळा, आत्मा वेगळा, हे त्यांना उमगलं. केवलज्ञान झालं. ही कथा आपण चमत्कार म्हणून सांगतो. मला त्यात गुरू दिसतात. शिष्याच्या मापाचा पाठ देणं, यालाच आज आपण विशेष शिक्षण म्हणतो.

अपरिग्रह आपण दागिन्यांपुरता ठेवला आहे. लेकरूही आपली मालमत्ता नाही, आपण फक्त राखणदार. राखणदाराला निर्णय घ्यावाच लागतो, पण त्याचा हिशेबही द्यावा लागतो. म्हणून नाव काढण्याआधी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. त्याला तिथे काय आवडतं आणि काय सोसतं, हे त्याच्या शब्दांतून, नाहीतर डोळ्यांतून, मी समजून घेतलं का? तिथून काढून उद्या सकाळी दहा वाजता तो काय शिकणार आहे? आणि चुकलं तर परत जायची वाट मी उघडी ठेवली आहे का?

तिन्हींची उत्तरं असतील, तर खुशाल काढा, कोणी नावं ठेवली तरी. दुसऱ्याच प्रश्नाला गप्प व्हायला होत असेल, तर सोय आपण आपली बघतो आहोत, लेकराची नाही.