दक्षिण तीर

"नदी कोणती घ्यायची?" गुरुजींनी स्क्रीनवरून विचारलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

डॅलसला लेकीच्या घरी सत्यनारायण होता. केळीचे खांब मिळाले नाहीत म्हणून चौरंगाच्या दोन बाजूंना मनीप्लँटच्या कुंड्या, सव्वाच्या मापानं केलेला शिरा आणि साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या आयपॅडमध्ये न्यू जर्सीचे आमचे गुरुजी. सगळं सुरळीत चाललं होतं, ते संकल्पापाशी येऊन अडलं. संकल्पात आधी आपण कुठे आहोत ते सांगायचं असतं. द्वीप, खंड, देश, नदी, नदीचा तीर. मग तिथी-वार, मग गोत्र आणि सगळ्यात शेवटी काय हवं ते. पत्ता नसलेला अर्ज देव पुढे सरकवत नाही, असा माझा लहानपणी पक्का समज होता.

तो समज वाईतच डळमळायला हवा होता. आमच्या घराच्या मागच्या दाराशी कृष्णा. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढून यायचं. तरीही घरच्या पूजेत भटजी म्हणायचे गोदावरीचा दक्षिण तीर. गोदावरी तिकडे नाशिकला, दोन-अडीचशे किलोमीटरवर. दाराशी असलेली नदी सोडून लांबच्या नदीच्या हिशोबानं पत्ता का द्यायचा, हे मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कृष्णेला माहीतच आहे आपण कुठे राहतो ते."

तर डॅलसला कोणती नदी? जावई म्हणाला, ट्रिनिटी. बरोबर होतं, शहरातून तीच वाहते. पण पूजेला बसली होती लेक, आणि तिचा चेहरा मी ओळखते. ती हिशोब करत होती.

तिचा पत्ता हे एक प्रकरणच आहे. घर डॅलसला, नोकरी एका विमान कंपनीत. शिवाय ती नेब्रास्काच्या एअर नॅशनल गार्डमध्ये अर्धवेळ वैमानिक आहे. लिंकनच्या तळावरून केसी-135 चालवते. हवेतल्या हवेत दुसऱ्या विमानांना इंधन पाजणारं हे विमान, बोइंगनं 1965 साली बनवायचं थांबवलेलं. म्हणजे लेक चालवते ते विमान लेकीपेक्षा म्हातारं. गार्डचं काम महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवस, असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात वैमानिकाला तेवढ्यावर भागत नाही, हात राहावा म्हणून मधल्या वारीही जाऊन उडावं लागतं. प्रशिक्षणाच्या बदल्यात तिनं दहा वर्षं लिहून दिली आहेत.

आणि नेब्रास्कात राहायचं बंधन नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिला तीन वेळा विचारलं. गार्डचा अधिकारी दुहेरी शपथ घेतो, देशाच्या घटनेची आणि त्या राज्याच्या घटनेचीही. राष्ट्राध्यक्षाचा हुकूम मानीन आणि गव्हर्नरचाही. त्या गव्हर्नरला ही मतसुद्धा देऊ शकत नाही! निवड करणाऱ्या मंडळानं मुलाखतीत एवढंच विचारलं होतं, इतक्या लांबून येत राहशील का? जानेवारीतसुद्धा? ती हो म्हणाली. जाण्यायेण्याचा खर्च आपला आपण. दीडशे मैलांपलीकडे राहणाऱ्या काही मोजक्या कामांच्या माणसांना थोडी भरपाई मिळते, तिच्यासारख्या विमान कंपनीच्या बाकीच्या वैमानिकांनी कॉकपिटमधली जादा खुर्ची रिकामी मिळते का बघत गेटवर बसायचं. एका डिसेंबरात बर्फामुळे सगळी विमानं रद्द झाली, तेव्हा ही साडेसहाशे मैल गाडी चालवत गेली.

माझं गाऱ्हाणं मी लपवणार नाही. मला या देशाचं नागरिकत्व मिळालं ते दिवस मोजून. ग्रीनकार्डावर पाच वर्षं, त्यातले निदान तीस महिने पाय अमेरिकेच्या जमिनीवर हवेत. शिवाय ज्या राज्यातून अर्ज करायचा तिथे तीन महिने वास्तव्य हवं. बाहेर गेलेल्या प्रत्येक वेळेची तारीख फॉर्मवर लिहायची. आईच्या शेवटच्या आजारपणात वाईला काढलेले 94 दिवस मी पासपोर्टाचे शिक्के बघून त्या रकान्यात भरले. ते दिवस वजाबाकीत गेले. आणि माझी लेक एका अख्ख्या राज्याशी शपथेनं बांधली गेली, ती तिथे एक रात्रही स्वतःच्या पलंगावर न झोपता.

मला यातला प्रश्न कायद्याचा वाटत नाही, धर्माचा वाटतो. माणूस एखाद्या जागेचा कशानं होतो? वास्तव्यानं की वचनानं?

मी बराच काळ वास्तव्याच्या बाजूनं होते. गार्डवाले आपला जन्म 1636 चा सांगतात, मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीतल्या नागरी सैन्यापासूनचा. हाक आली की आपापल्या घरातून बाहेर पडणारी शेतकरी-सुतार माणसं. म्हणजे मुळात सगळी गंमत घराचीच होती. ज्याचं घर जळणार तोच राखणार. मार्च 2019 मध्ये मिसुरीला पूर आला. नेब्रास्कात शेतं बुडाली, ओमाहाजवळच्या ऑफट हवाई तळाचा मोठा भाग पाण्यात गेला. माझी लेक त्या आठवड्यात कंपनीच्या विमानातून प्रवाशांना कॅनकूनला पोचवत होती.

"मी टँकर चालवते, आई. पुरात टँकरचं काय काम?"

"काम कुठे विचारते मी?"

त्यावर ती गप्प बसली. पुढे एकदा तिच्या फोनवर वेळ बघायला गेले तर हवामानाच्या यादीत पहिलं नाव लिंकनचं, खाली डॅलस. हा काही पुरावा नव्हे, हे मला कळतं. पण चंद्रभागेला पूर आल्याची बातमी पेपरात आली की आजोबा वाईत जेवणाचं ताट बाजूला सारायचे, त्याची आठवण झाली.

आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातली की निदान आषाढी नाहीतर कार्तिकीची वारी चुकवायची नाही. आजोबा तर महिन्याची वारी करायचे, दर शुद्ध एकादशीला. पुढे पाय थकले तसे एसटीनं. पडशीत पंचा, दशम्या. कुणीतरी सुचवलं की निवृत्तीनंतर पंढरपुरातच दोन खोल्या घ्या. आजोबा चिडले. म्हणाले, तिथे राहिलो तर जायचं कुठे? काशीत क्षेत्रसंन्यास घेणारे लोक असत, क्षेत्राची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, असं व्रत. आजोबांना त्यांच्याबद्दल आदर होता, पण ती वाट आपली नव्हे, म्हणायचे. प्रपंच एकीकडे, देव एकीकडे, आणि दोन्हींमधला रस्ता न चुकता तुडवणं एवढंच हातात. संन्यासी तर उलट्याच नियमात. आठ महिने एका गावात टिकायचं नाही आणि चातुर्मासात गाव सोडायचं नाही. गीतेच्या बाराव्या अध्यायातल्या भक्ताला तर घरच नाही, तो अनिकेत. (माझ्या भाच्याचं नाव अनिकेत आहे. त्याचे पुण्यात दोन फ्लॅट आहेत.)

लेकीचा गणवेश एकदा मी धुतला. खांद्यावरचा राज्याचा बिल्ला वेल्क्रोचा. ओढला की खर्रकन निघतो. मला ते आवडलं नव्हतं, निष्ठा अशी सोलून ठेवता येते म्हणजे काय! पण इथल्या सुप्रीम कोर्टानं 1990 मध्ये जवळपास हेच सांगितलंय. मिनेसोटाचे गव्हर्नर पर्पिच यांनी आपल्या राज्याच्या गार्डला प्रशिक्षणासाठी मध्य अमेरिकेत पाठवण्यावरून खटला लढवला आणि हरले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलं की या माणसांच्या कपाटात तीन टोप्या असतात, नागरिकाची, राज्याच्या शिपायाची आणि देशाच्या सैनिकाची. एका वेळी डोक्यावर एकच. वाचताना वाटलं, ठीक आहे, पण डोकं? ते तर एकच ना. 11 सप्टेंबर 2001 च्या सकाळी व्हर्जिनियातल्या लँगली तळावरून जी तीन एफ-16 राजधानीकडे उडाली, ती नॉर्थ डकोटाच्या फार्गोच्या तुकडीची होती. आपल्या घरापासून हजारभर मैलांवर दुसऱ्यांच्या घरांवर पहारा देत होती. त्या क्षणी त्यांच्या वैमानिकांना कुणी पत्ता विचारला असता तर त्यांनी कोणता सांगितला असता?

तरी माझी शंका पुरती फिटलेली नाही. वारकऱ्याला विठ्ठलानं कधी मध्यरात्री बोलावून घेतलं नाही. गव्हर्नर बोलावू शकतो. रस्ता तुडवायला वेळच मिळाला नाही तर वचनाचं काय, याला आजोबांकडे उत्तर होतं असं मला वाटत नाही. लेकीकडेही नाही. विचारलं की ती खुर्ची मिळण्याच्या युक्त्या सांगते.

"ताई, नदी?" गुरुजींनी पुन्हा विचारलं. त्यांना पुढे अजून एक पूजा होती.

"प्लॅट," लेक म्हणाली.

जावयानं मान वर केली. गुरुजींनी बहुधा फोनवर नकाशा काढला, कारण थोडा वेळ त्यांची फक्त टोपी दिसत होती. "ही तर नेब्रास्कात आहे."

"हो. लिंकन तिच्या दक्षिणेला येतं."

"पण पूजा डॅलसला चाललीय."

"वाईची पूजा कुठे गोदावरीकाठी व्हायची?" हे मी बोलले, आणि बोलून गेल्यावर मलाच आश्चर्य वाटलं.

गुरुजी हसले. घसा साफ करून त्यांनी क्रौंचद्वीपापासून सुरुवात केली आणि न अडखळता प्लॅट नदीच्या दक्षिण तीरापर्यंत आले. मी पळीभर पाणी लेकीच्या उजव्या हातावर घातलं. तिनं ते ताम्हनात सोडलं आणि डाव्या हातानं हळूच फोन उलटा करून घड्याळ बघितलं. हिरवी बॅग दारातच भरून ठेवलेली होती. चारच्या विमानात खुर्ची मिळेल की नाही, ते अजून दिसत नव्हतं.