कागद गेला, अक्षर उरलं?

स्कॅन झाल्यावर जुना अंक विसर्जित करायला काय हरकत, असं म्हणणारे गीतेतल्या जीर्ण वस्त्रांचा दाखला देतात. कोकणातल्या सावर्ड्याच्या दमट पावसाळ्यात बुरशी नि कसर कागदाला सोडत नाहीत, म्हणून स्कॅनिंगची घाई रास्तच. दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात रामदासही पानाच्या कडा कोऱ्या सोडायला सांगतात. कागद झडला तरी अक्षर वाचावं! पण अक्षर म्हणजे सगळं नव्हे. ‘किर्लोस्कर खबर’ (१९२०), ‘सृष्टिज्ञान’ (१९२८) या मासिकांचे अंक असोत की यंत्रांच्या माहितीपुस्तिका, आकृती वाकडी स्कॅन झाली की माप बिघडतं, शिवणीत दडलेली ओळ गळते. वस्त्र टाकायचं ते नवं अंगाला बसल्यावर. तोवर घरातले जुने अंक रद्दीत घालू नका. आधी जवळच्या ग्रंथालयाला दाखवा.