जनीच्या जात्याला कोणाचा हात?



पंढरीस गेलेला वारकरी पांडुरंगाचे दर्शन झाले की गोपाळपुरास जाऊन येतो. तेथे जनाबाईचे जाते दाखवतात. त्याला हात लावला की आपले डोळे भरून येतात. गंगाखेडची ही पोर लहानपणी दामाशेटींच्या घरी आली, आणि नामदेवरायांच्या घरची दासी म्हणून जन्मभर राबली. दळण, कांडण, पाणी, शेणी, झाडलोट. तिची ही कामे देवाने वाटून घेतली, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

पण कथेतली एक गोष्ट आपण नीट पाहात नाही. देव जनीकडे आला तेव्हा, ‘बाई, सोसत राहा, पुढच्या जन्मी बरे होईल,’ असा उपदेश त्याने केला का? नाही. तो जात्यापाशी बसला आणि खुंट्याला हात घातला. पैठणास तर नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन त्याने बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले. राजसूय यज्ञात इतरांनी मानाची कामे घेतली, कृष्णाने उष्ट्या पत्रावळी उचलल्या. घरकाम ज्याने स्वतः केले, त्या देवाचे आपण भक्त. तर मग आपल्या घरी भांडी घासायला जी बाई येते, तिचे आपण कोण लागतो?

माझीच गोष्ट सांगतो. एका एकादशीस एका भाविकाच्या घरी जनाबाईवर निरूपण होते. मंडळी रंगली. देव दळू लागला तिथे तर बायाबापड्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. पुढे फराळ झाला. आपला उपवास म्हणजे तिची भांडी दुप्पट, हे मला त्या दिवशी मोरीपाशी कळले. घरची मोलकरीण ताटांच्या ढिगापुढे बसली होती. मुलीला ताप म्हणून दोन दिवस आली नव्हती, त्याचे खाडे पगारातून कापले होते. तिचा चहाचा कप खिडकीत निराळा ठेवलेला. मी ते पाहिले, हात धुतले आणि काही न बोलता निघालो. जनीचे जाते तोंडाने सांगितले खरे, पण खुंट्याला हात घालायची वेळ आली तेव्हा माझा हात मागे राहिला.

तो हात दुसऱ्या कोणी घातला, तेही सांगितले पाहिजे. बेल्जियमहून भारतात आलेल्या सिस्टर जीन डेव्होस नावाच्या ख्रिस्ती जोगिणीने १९८५ साली मुंबईत घरकाम करणाऱ्या बायांची चळवळ उभी केली. काम सोपे नव्हते. गिरणीच्या दारात हजार कामगार एकदम भेटतात. इथे एकेक बाई तीन-चार घरे धरून असते, बंद दारांआड एकटी राबते. हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही, उद्यापासून येऊ नको म्हटले की विषय संपला. अशा बायांना वस्तीत एकत्र बसवायचे, एकीचे दुःख दुसरीला ऐकवायचे, मग ठरलेला पगार आणि आठवड्याची सुट्टी मिळून मागायची. आग्रह नावापासूनच होता, की आम्हांला नोकर म्हणू नका, घरकामगार म्हणा. ही चळवळ पुढे अनेक राज्यांत पसरली.

पुण्यात तर त्याआधीच, १९८० साली, मोलकरणींनी संप केला होता. अशा अनेकांच्या रेट्याने हळूहळू दारे उघडली. १४ वर्षांखालच्या लेकरांना घरकामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून देशात बंदी झाली. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १६ जून २०११ रोजी जिनेव्हास आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांच्या हक्कांचा करार संमत केला. आपल्या देशाने त्याच्या बाजूने मत दिले. पण मत देणे निराळे आणि आपल्या उंबऱ्याच्या आत ते उतरणे निराळे.

येथे कोणी शंका घेईल, ‘ही परधर्माची गोष्ट, तिचे आपल्याला काय?’ अहो, येशूनेही अखेरच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले होते, ते स्मरून ती बाई आली. आपल्याजवळ तर जनीचे जाते सातशे वर्षांपासून आहे! उशीर कोणाचा झाला?

दुसरी शंका जास्त खोल आहे. ‘सेवा निष्काम असावी. जनीने कधी पगार मागितला का?’ बाबांनो, निष्कामता ही सेवा करणाऱ्याने आपण होऊन पाळायची असते. सेवा करवून घेणाऱ्याने ती दुसऱ्याला शिकवली, तर तिचे नाव चुकवेगिरी. जनीचे वैराग्य जनीचे. त्याचा हिशेब आपण आपल्या फायद्यात मांडू नये.

आता वारी जवळ येईल. आपण तीन आठवडे पायी निघणार, घराला कुलूप लागणार. परत आल्यावर कित्येक घरी म्हणतात, ‘या महिन्यात काम नव्हते, अर्धाच पगार घे.’ काम करायला ती तयार होती, कुलूप आपण लावले. मग आपल्या वारीचा खर्च तिच्या चुलीतून निघाला, असेच की नाही?

म्हणून पायां पडून सांगतो. निघण्याआधी तिचा पुरता पगार तिच्या हातात ठेवा. आजारपणाचा खाडा कापू नका. आठवड्यातून एक दिवस तिला तिच्या लेकरांत राहू द्या. चहा आपल्याच कपातून द्या. चार बाया एकत्र बसून काही मागू लागल्या तर रागावू नका, ऐकून घ्या. दिंडीत स्वयंपाकाला, भांड्यांना बाया लावता, त्यांची मजुरीही आधी ठरवा.

एवढे करून गोपाळपुरास जा, आणि मग जात्याला हात लावा. तो हात देवाच्या हाताशेजारी शोभेल.

रामकृष्णहरि.