मकपेलाचे शेत आणि आमची दफनभूमी

शास्त्रपाठ : उत्पत्ति २३, मत्तय २७:५७–६१



देवाने अब्राहामाला सबंध कनान देशाचे वचन दिले होते. तरी सारा मरण पावली त्या दिवशी तिला पुरण्याइतकीही जमीन त्याच्या मालकीची नव्हती. हेब्रोनचे हेथी लोक मनाने चांगले होते. आमच्या थडग्यांतले तुला आवडेल ते घे, असे ते म्हणाले. एफ्रोनाने तर शेत व गुहा फुकटच देऊ केली. अब्राहामाने त्यांना लवून नमन केले, पण फुकट काही घेतले नाही. वेशीत, सर्वांच्या समक्ष, त्याने चारशे शेकेल रुपे तोलून दिले. शेत, गुहा आणि हद्दीतील झाडेसुद्धा त्याच्या नावे कायम झाली, असे शास्त्र बारकाईने सांगते. वचनदत्त देशातील त्याची ही मालकीची जागा म्हणजे एक कबर!

हा अध्याय आपल्या सीमाभागातील मंडळ्यांनी पुन्हा वाचण्याजोगा आहे. १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले. १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरास आले. १९०४ मध्ये बेळगावचे काम मेथॉडिस्ट मिशनकडे गेले. ह्या दोन दिशांनी सुवार्ता आपल्या खेड्यांत पोहोचली. ज्यांनी ती स्वीकारली त्यांतील पुष्कळांना जिवंतपणीही गावकुसाबाहेरच राहावे लागे. मग मेल्यावर जागा कोण देणार? कोठे एखाद्या भल्या गृहस्थाने माळाचा तुकडा तोंडी दिला, कोठे मिशनच्या नावे थोडी जमीन मिळाली. तेथे आपल्या आजेपणज्यांना मूठमाती मिळाली.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. कागदांची भाषा बदलली, मिशनरी गेले, तोंडी शब्द देणारे व ऐकणारेही गेले. तरुण मंडळी पोटासाठी पुण्यामुंबईस गेली. इकडे शेजारचा ऊस दरवर्षी एकेक तास पुढे सरकतो आणि बांध मागे हटतो. मयत झाली म्हणजे आपण दफनभूमीत जातो. एरवी तेथे काँग्रेस गवत आणि घाणेरीचे राज्य असते.

कोणी म्हणेल, आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारे. मातीची एवढी काळजी कशाला? प्रभूने तर संदेष्ट्यांची थडगी सजविणाऱ्यांना फटकारले आहे. हे खरे. पण त्याने फटकारले ते थडगी सजवून संदेष्ट्यांचे ऐकणे टाळणाऱ्यांना. अरिमथाईकर योसेफाने आपली नवी कबर प्रभूसाठी दिली आणि त्याचे नाव चारही शुभवर्तमानांत राहिले. आपण मृतांची पूजा करीत नाही, त्यांना नवस बोलत नाही. ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीसाठी जो ग्रीक शब्द रूढ केला, त्याचा अर्थच मुळी निजण्याची जागा असा आहे. निजलेल्याचे अंथरूण कोणी तुडवीत नाही, कारण तो उठणार आहे.

१८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडून परतताना वाटेतील एका खेड्यात पटकीने वारले. आपल्याजवळचे औषध त्यांनी आजाऱ्यांना वाटून टाकले होते. सोबतच्या दोन तरुणांनी मोठ्या मुष्किलीने जागा मिळवून, पेटीवाचूनच त्यांना पुरले. असे किती तरी आपल्याकडेही आहेत. प्लेगात आणि १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झात मयतीमागून मयत निघत असता शिलालेख कोण बसविणार? ज्या उंचवट्यावर नाव नाही, तेथे आपली पहिली बायबलबाई किंवा पहिला शाळामास्तर निजलेला असेल. त्यांचे आप्त आता कोणी उरले नसतील, तर मंडळी हीच त्यांची आप्त.

म्हणून काही कामे पंचांनी ह्याच वर्षी हाती घ्यावीत. जमिनीचा उतारा काढून तो कोणाच्या नावे आहे ते पाहावे. सरकारी मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत. जुने कागद मोडीत वा मराठीत असोत, नवे कानडीत असोत, सर्व एका पेटीत ठेवावेत. कानडी शाळेत शिकलेली आपली मुले आता ह्या कामी मंडळीचे डोळे होऊ शकतात. शेजाऱ्याने बांध कोरला असेल, तर भांडणाआधी अब्राहामाप्रमाणे नम्रतेने जावे. पण अब्राहामाप्रमाणेच साक्षीदार व कागद घेऊन जावे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे. जी नावे वाचता येतील ती वहीत उतरवून घ्यावीत. वृद्धांना विचारून बिननावाच्या कबरांचीही नोंद करावी. गवत पेटवू नये, कारण आचेने दगड तडकतो. झुडूप कबरेतून उपटू नये, बुडाशी कापावे. लेख तारेच्या ब्रशाने किंवा अॅसिडने घासू नये. साधे पाणी व मऊ कुंचला पुरे. अक्षरांवर चुना फासू नये. आणि ऐपतदारांनी मोठमोठे चौथरे बांधून गरिबाची जागा अडवू नये, हेही सांगणे भाग आहे. यहूदाच्या टाकून दिलेल्या पैशांतूनसुद्धा परक्यांना पुरण्यासाठी कुंभाराचे शेत विकत घेतले गेले. मग आपल्या दानातून आपल्या गरिबाला साडेतीन हात जागा मिळू नये काय?

त्या भूमीत मराठी, कानडी आणि इंग्रजी अक्षरांचे दगड शेजारी शेजारी आहेत. मेथॉडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन, सावकार आणि तंबाखूच्या वखारीतील मजूर, सर्व एकाच कर्ण्याची वाट पाहत आहेत. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे त्या दिवशी एकदमच उठतील. तोवर त्यांच्या कुंपणाची राखण प्रभूने आपल्या हाती दिली आहे. येत्या ईस्टरच्या पहाटे आपण तेथे उपासनेस जमू तेव्हा वाट मोकळी असावी, हद्द स्पष्ट असावी, आणि एकही कबर आपल्या पायाखाली येऊ नये, एवढी कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.