थांबायचं कधी?

येवल्यातल्या घरातून फोनवर पैठण्या विकणारी पंचविशीतली मुलगी डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे साडेबारा. पार्सलांवर पत्ते चिकटवून होतात तोच फोन उजळतो, ‘ताई, हीच मोरपंखी रंगात मिळेल का?’ उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक जाईल, या धास्तीनं ती पुन्हा उठते. फोटो, रील, जीएसटी, परत आलेला माल, सगळं तिनं एकटीनं शिकून घेतलंय. मला तिचं मनापासून कौतुक वाटतं, आणि काळजीही.

१९७४ साली न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांच्या ‘बर्नआउट’वर, म्हणजे कामानं पार पिचून जाण्यावर, लिहिलं. कोलमडत होते ते कामचुकार नव्हते, जीव ओतून काम करणारे होते. २०१९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची लक्षणं नेमकी मांडली. अंगातलं त्राण संपणं, कामाचा तिटकारा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हे शेवटचं मला सर्वांत घातक वाटतं, कारण त्यावर आपली मुलं आणखी राबण्याचाच उपाय करतात. खरा उपाय आहे थांबायची वेळ ठरवण्याचा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कामाच्या वेळा ठरवता येतात, वेळेबाहेर आपोआप उत्तरही जातं. ‘दुकान सकाळी दहाला उघडेल,’ एवढं आजच लिहून ठेवा. पेठेतला दुकानदार दुपारी शटर ओढून जेवायला जातोच की! आणि घरात असं कुणी राबत असेल, तर ‘ऑर्डरी किती आल्या?’ च्या आधी ‘जेवलीस का?’ एवढं विचारा.